रंगाखालची अक्षरं

अजून दोन रात्री. मग द्वारका चौकात
नंदू आव्हाडला किल्ली द्यायची.
तो हिच्यात मिसळ विकणार आहे.

ही म्हणजे आमची गाडी. आधी सांगलीकडच्या एका ट्रस्टची रुग्णवाहिका,
लिलावात घेतलेली. श्रीरंगनं स्वतः हळदी रंग दिला, दोन हात.
तरी उजेड तिरपा पडला की
बॉनेटवरची उलटी, कुशीवरची सुलटी अक्षरं वर येतात,
जुनी दुखणी येतात तशी.

साडेतीन महिने. सगळं संपत आलेलं.
सिलिंडर हलवला तर हलका लागतो,
डब्यात मेतकूट, अर्धी वाटी गूळ.
एकमेकांना सांगायच्या गोष्टी विंचूरलाच संपल्या.
निफाडच्या थंडीत काचेला आतून दव धरलं,
त्यावर मी बोटानं उरलेला हिशोब मांडला.
सकाळी हातचा एक तेवढा शिल्लक होता.

दिंडोरीच्या वायनरीत इस्त्रीच्या शर्टातला मुलगा म्हणाला,
काका, ग्लास गोल फिरवा. आता नाक आत घाला.
पेरू येतो? ढोबळी मिरची?
श्रीरंगनं डोळे मिटून बराच वेळ घेतला.
"डेटॉल," म्हणाला.
त्याची चूक नव्हती. आमच्या गादीला तो वास,
स्वेटरला, चहालासुद्धा.
लाजेखातर दोन बाटल्या घेतल्या.

रात्री बांधावर गाडी लावली, मालकाला विचारून.
तारेपलीकडे खायची द्राक्षं, वर्तमानपत्रात गुंडाळलेली,
अलीकडे वाइनची, बारकी, उघडी.
पहिला घोट आंबट. दुसरा बरा.
"नको विकूया," श्रीरंग म्हणाला.
"गुडघे कुणाचे दुखतात?" मी.

बाराला दारावर थाप.
एक बाई, धापा टाकत, बोली पेठकडची.
"दवाखान्याची गाडी हाय ना ही?
पोरगी चौथीला हाय. तिनं बॅटरी मारून वाचलं."

नाही म्हणायला श्रीरंगनं तोंड उघडलं होतं, मी पाहिलं.
मग तो चपला शोधायला लागला.

हिरामण भोये. दिवसभर फवारणी, तोंडाला नुसता टॉवेल.
लाळ थांबत नव्हती, बाहुल्या मोहरीएवढ्या.
आमच्या पलंगाच्या फळीखाली
स्ट्रेचरचे रूळ अजून होते.
सिंकमध्ये ग्लास वळणावळणाला वाजत राहिले.
पोरगी पुढे आमच्या दोघांमध्ये बसली
आणि दिसेल ती पाटी मोठ्यानं वाचू लागली:
अक्राळे. ढकांबे. हळू चालवा. म्हसरूळ.
कुणीतरी तिला सांगितलं असावं, वाचत राहा म्हणून.

सिव्हिलच्या फाटकावर पहारेकऱ्यानं काही विचारलं नाही.
गाडी ओळखीची असल्यासारखा हात केला:
मागे घ्या, मागे घ्या, बास.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चोवीस तास.
उरलेला गूळ मी त्या बाईच्या हातावर ठेवला.
तिनं विचारलं, "भाडं किती?"
श्रीरंग टायर बघत राहिला.

शेवटची रात्र गंगापूर धरणाच्या पाण्याकाठी काढायची होती.
काढली सिव्हिलच्या आवारात, रिक्षांच्या रांगेत.
दुसरी बाटली तशीच राहिली.
सकाळी पोरीनं काचेवर टकटक केली:
"बानं चहा मागितला.
साखर जास्त सांगितली."

दुपारी नंदूनं दार उघडलं, नाक मुरडलं.
"मावशी, कसला हो वास?"
ओकारीचा, वाइनचा, डेटॉलचा,
आमचाही असेल थोडा.
"तर्रीत जाईल," मी म्हटलं.

तो म्हणाला, लालभडक करणार, लांबून दिसली पाहिजे.
श्रीरंगनं बॉनेटवरून अंगठा फिरवला,
किल्ली त्याच्या हातात दिली,
परत मागितली, रिंगमधला आमच्या घराचा खिळा काढून घेतला,
पुन्हा दिली.
"एकच हात मार," म्हणाला. "दोन नको."